लढाई मोठ्यांची, झळ लेकरांना

मेहकर सोडून सिंदखेड राजाच्या रस्त्याला लागलं की सुलतानपूर येतं. लोणारचं सरोवर पाहायला निघालेली मंडळी इथूनच वळतात. बाकी गाव आपल्या कामात असतं. सोयाबीनचा भाव, नळाला पाणी येण्याचा दिवस, मुलांच्या परीक्षा. इथल्या एखाद्या गृहिणीला थांबवून कुणी विचारलं, "बाई, लढाईच्या दिवसांत लेकरांना कसं सांभाळायचं?" तर ती हसेल आणि म्हणेल, "आमचा काय संबंध? सीमा कुठं नि आम्ही कुठं!"

संबंध आहे, मैत्रिणींनो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्याला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांतले दोघे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले होते. एक मलकापूरचा आणि दुसरा तर लोणार तालुक्यातलाच. त्यानंतर अडीच महिन्यांनी, महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस गेले. त्यांतही आपल्या जिल्ह्याची माणसं होती. म्हणजे तोफेचा आवाज इथं ऐकू येत नाही एवढंच. एरवी तिचा धक्का आपल्या शेजारच्या ओसरीपर्यंत येऊन पोचलेला आहे, आणि त्या ओसरीवर लहान मुलं खेळत असतात.

मे २०२५ मध्ये काय झालं तेही आठवा. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस चकमक झाली. ७ मे रोजी देशात ठिकठिकाणी सरावाचे भोंगे वाजले. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांचेही बळी घेतले. आणि इकडे शेकडो कोसांवर, ताटावर बसलेली मुलं घास हातात धरून टीव्हीकडे पाहत राहिली. "आई, इथं पण बॉम्ब पडेल का गं?" हा प्रश्न त्या आठवड्यात किती स्वयंपाकघरांत विचारला गेला असेल! आणि आपण काय उत्तर दिलं? बहुतेकींनी, "गप जेव, काही होत नाही," एवढंच.

खरं तर लढाईच्या दिवसांत मूल कसं वाढवायचं, हा प्रश्न या मातीला नवा नाही. जिजाऊंचं माहेर सिंदखेड राजा इथून जवळच. शहाजीराजे मोहिमांवर, चहूकडे फौजांची धावपळ, अशा वेळी जिजाऊंना शिवनेरीच्या तटाआड ठेवलं गेलं आणि तिथं १६३० साली शिवरायांचा जन्म झाला. पुढची दोन वर्षं दख्खनेत भयंकर दुष्काळ. जिजाऊंनी मुलाला तलवार दिली हे आपण दर १२ जानेवारीला ऐकतो. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी त्याला वेळच्या वेळी जेवू घातलं असेल, निजवलं असेल, ताप आला तर उशाशी बसल्या असतील, याबद्दल भाषणांत कुणी बोलत नाही. मला मात्र आज त्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कारण लढाईतून वाचलेल्या मुलांचे जे मोठे दाखले आहेत, ते हेच सांगतात की, मुलाला पुन्हा माणसात आणते ती घरातली रोजची रीत. आणि असा एक दाखला आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या वेशीवर घडलेला आहे.

वळिवड्याची वसाहत

कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात वळिवडे नावाचं लहानसं स्टेशन लागतं. १९४३ साली या स्टेशनाजवळच्या माळावर एक अख्खं गाव उभं राहिलं. वस्ती सुमारे पाच हजार. सगळे पोलंड देशाचे, आणि त्यांत बायका अन् मुलंच फार.

ही माणसं इथं आली कशी, ते थोडक्यात सांगते. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला. १७ सप्टेंबरला रशियाची फौज पूर्वेकडून शिरली. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं रशियनांनी १९४० आणि ४१ मध्ये घरातून उचलली आणि मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया नि कझाकस्तानात नेऊन टाकली. रात्री-अपरात्री दार ठोठवायचे. तासा-दोन तासांत जे हाताला लागेल ते घेऊन निघायचं. तुम्ही-आम्ही काय घेतलं असतं? कुणी पीठ घेतलं, कुणी गादी, कुणी देवाची तसबीर. तिकडे जंगलात लाकूडतोड, कडाक्याची थंडी, पोटाला तुकडा पाव. किती तरी मुलांचे आईबाप तिथंच मेले.

१९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा कुठं या लोकांना सुटका मिळाली. पोलंडचे पुरुष नव्या फौजेत भरती होण्यासाठी दक्षिणेकडे निघाले, त्यांच्यामागून बायका-मुलं. कास्पियन समुद्र ओलांडून ती १९४२ मध्ये इराणात उतरली. इस्फहान शहरात एवढी पोलिश मुलं ठेवली गेली की त्याला "पोलिश मुलांचं शहर" असंच नाव पडलं. मुलं हाडांचे सापळे झालेली, डोक्यात उवा, अंगावर फोड. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही ती पावाचे तुकडे उशीखाली दडवून ठेवीत. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. हे वाचलं तेव्हा पोरांना ताटात टाकू नका म्हणून रागावणाऱ्या माझ्यासारखीलाही जरा थांबावंसं वाटलं.

एवढ्या मुलांना घेणार कोण? पहिला मोठा हात पुढे आला तो आपल्या देशातल्या एका संस्थानिकाचा. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी इथं पोलिश मुलांसाठी वसाहत उघडली. त्यांतली कित्येक अनाथ होती. तुम्ही आता अनाथ नाही, माझीच मुलं आहात, असं जामसाहेबांनी त्यांना सांगितलं, आणि मुलंही त्यांना बापूच म्हणू लागली. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं एका चौकाला आज त्यांचं नाव आहे.

बालाचडी मुलांची होती. वळिवडे कुटुंबांचं होतं, आणि म्हणून मला ते आपल्याला जास्त जवळचं वाटतं. कराचीला बोटीतून उतरलेल्या आया आपल्या मुलांना घेऊन रेल्वेने कोल्हापूरला आल्या. कोल्हापूर संस्थानच्या गादीवर तेव्हा स्वतःच एक तान्हे दत्तक महाराज होते, कारभार दुसऱ्यांच्या हाती होता. वसाहतीचा खर्च लंडनमधून चालणारं पोलंडचं परागंदा सरकार करीत असे. घरं साधीच. लांबच लांब चाळी, चटयांच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. पण ज्यांनी हे ठरवलं त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा दिली आणि स्वतःचं स्वयंपाकघर दिलं. बाईच्या हाती ठरावीक पैसे यायचे. तिने बाजार करायचा, तिने रांधायचं, तिने वाढायचं.

पंगतीत हजार माणसांना जेवू घालणं स्वस्त पडतं, हे आपल्याला लग्नकार्यांवरून माहीत आहे. एकाच मोठ्या भटारखान्यात काम भागलं असतं. पण तीन वर्षं रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या पळीकडे पाहिलेल्या मुलाला आपली आई चुलीपुढे बसलेली दिसणं, "आज काय केलंस?" असं तिला विचारता येणं, ते आवडलं नाही म्हणून तोंड वाकडं करता येणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तोंड वाकडं करणारं मूल म्हणजे उद्याची खात्री वाटणारं मूल.

मग हळूहळू बाकीचं आलं. शाळा निघाल्या, प्राथमिक आणि वरच्या वर्गांच्या, आणि त्या पोलिश भाषेतून. चर्च झालं, दवाखाना झाला, नाटकाचं थिएटर झालं. ज्यांना आईबाप नव्हते त्यांच्यासाठी आवारातच अनाथालय होतं. मुलामुलींची बालवीर पथकं होती. छातीच्या दुखण्याच्या मुलांना पांचगणीच्या हवेत ठेवीत. कोल्हापूरचे भाजीवाले, दुकानदार वसाहतीत येत, आणि पोलिश बाया त्यांच्याशी मोडक्यातोडक्या शब्दांत घासाघीस करायला शिकल्या. चाळींपुढे त्यांनी फुलझाडं लावली. उद्या इथून उठायचं आहे हे माहीत असताना बाई दारात फुलझाड लावते, तेव्हा मुलाला न सांगता काही तरी कळतं, नाही का?

या सगळ्या कामात एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. किरा बनासिन्स्का. मुंबईच्या पोलिश वकिलाची पत्नी. पोलिश रेडक्रॉसच्या वतीने तिने या निर्वासितांसाठी भारतात खटपट केली. लढाई संपली तरी ती परत गेली नाही, भारतातच राहिली, हैदराबादेत समाजकार्य करीत राहिली. १९९१ मध्ये भारत सरकारने तिला पद्मश्री दिली.

सगळं गोड होतं असं समजू नका. कित्येक घरांतला बाप इटलीच्या रणांगणावर होता. काही घरांत बापाचं पत्र १९४० नंतर आलंच नव्हतं, कारण कातीनच्या जंगलात रशियनांनी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. १९४५ साली युद्ध संपलं, पण त्यांची गावं रशियात गेली होती. परत जायचं तर कुठं? १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली उरलेली मुलं वळिवड्याला आली. १९४८ पर्यंत सगळेजण पांगले, कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला, थोडे पोलंडला. काही मुलींनी इथल्याच तरुणांशी लग्नं केली नि त्या मराठी घरच्या सुना झाल्या. काहीजण मात्र कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे राहिले.

रिकाम्या झालेल्या चाळी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं उतरली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कापडाची मोठी बाजारपेठ आहे. एका लढाईने उठवलेल्यांच्या चुलीवर दुसऱ्या फाळणीने उठवलेल्यांनी भाकरी भाजली.

वळिवड्याची मुलं पुढे म्हातारी झाली, आजी-आजोबा झाली, तरी कोल्हापूरला येत राहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९ साली, त्या युद्धाला ८० वर्षं झाली तेव्हा, कोल्हापूरकरांनी त्यांचं स्वागत केलं. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मला आपलं वाटतं, शाळेच्या पुस्तकात हा धडा असायला काय हरकत होती?

आई जवळ असली तर

त्याच काळात लंडनमध्ये उलट प्रयोग झाला होता. बॉम्ब पडतील म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसं शहरांतून खेड्यांत हलवली; त्यांत आईबापांवाचून गेलेली शाळकरी मुलं आठ लाखांवर होती. कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली, हातात लहानशी पेटी. हेतू चांगलाच होता, आणि जीव वाचलेही. पण अ‍ॅना फ्रॉईड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमध्ये युद्धकाळात चालवलेल्या बालगृहांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. आईच्या कुशीत बॉम्बचे आवाज ऐकलेली मुलं पुष्कळदा सावरत. आईपासून तुटलेली मुलं सुरक्षित जागी असूनही खचत. आणि आई स्वतः भेदरलेली असली तर मूल तिच्याकडूनच भीती घेई, आवाजाकडून नव्हे.

म्हणजे मुलाचा धीर हा आईच्या चेहऱ्यावर अवलंबून. तुम्ही म्हणाल, हे ओझंही आमच्याच डोक्यावर! आहे खरं. पण बापाच्या, आजीच्या, मावशीच्या चेहऱ्यावरूनही ते चालतं, बरं का. मुलाला एक ओळखीचं, न डगमगणारं माणूस लागतं. ती सदा सर्वकाळ आईच असली पाहिजे असा काही नियम नाही.

जगानेही यातून थोडंफार शिकून घेतलं. १९४६ मध्ये युनिसेफ निघाली ती मुळात युरोपातल्या युद्धग्रस्त मुलांना दूध नि कपडे देण्यासाठी. १९४९ च्या जिनीव्हा करारांत मुलांची खास तजवीज झाली. १९८५ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात यादवी चालू असताना सरकार आणि बंडखोर या दोघांनीही तीन दिवस बंदुका खाली ठेवल्या, कशासाठी, तर मुलांना लस टोचायची म्हणून! मला हा दाखला फार आवडतो. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यात असं कलम आहे की, बंदी घातलेल्या सशस्त्र टोळीने मुलाला भरती केलं किंवा कोणत्याही कामाला लावलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या कलमाची गरज का पडली, ते वेगळं सांगायला नको. निरोप पोचवण्यापासून सुरुवात व्हायची, आणि दहा-बारा वर्षांचं पोर कधी कुणाचा माणूस झालं हे त्याच्या आईलाही कळायचं नाही.

काश्मीरमध्येही आपल्या मराठी माणसांनी वळिवड्यासारखंच काम केलं आहे. नगरकडचा अधिक कदम हा तरुण पुण्यात शिकत असताना तिकडे गेला आणि २००२ मध्ये त्याने नि त्याच्या सहकाऱ्यांनी कुपवाडा जिल्ह्यात, हिंसाचारात आईबाप गमावलेल्या मुलींसाठी घर सुरू केलं. नाव "बसेरा-ए-तबस्सुम", म्हणजे हसण्याचा निवारा. मराठी, हिंदू, बिनलग्नाचा पोरगा मुसलमान मुलींचं घर चालवतो म्हटल्यावर गावात किती शंका निघाल्या असतील, कल्पना करा. दहशतवाद्यांनी त्याला धरून नेऊन चौकशाही केल्या. पण घर टिकलं. पुण्यातल्या संजय नहार यांच्या "सरहद" संस्थेने दुसरी वाट धरली. काश्मिरी मुलांना पुण्यात आणून शिकवलं.

आपल्या घरात

आता सुलतानपूरकडे, म्हणजे आपल्या घराकडे येऊ.

लढाईच्या बातम्यांचे दिवस असतील तेव्हा मुलांच्या जेवणाच्या आणि निजण्याच्या वेळी टीव्ही बंद ठेवा. हे सांगायला सोपं, करायला कठीण आहे, कारण घरातल्या पुरुष मंडळींना तेव्हाच बातम्या हव्या असतात. तरी सांगा. एकच स्फोट वीस वेळा दाखवतात. आपल्याला ते कळतं, चार वर्षांच्या मुलाला वीस स्फोट झाल्यासारखं वाटतं. मोबाईलवर येणारी रक्ताची चित्रं तर अजिबात नकोत, आणि आपण स्वतः ती पुढे धाडू नयेत. ती कोणाच्या तरी लेकराच्या हातात पडणारच.

मुलाने विचारलं तर "गप जेव" म्हणू नका. आधी त्यालाच विचारा, "तुला कुणी काय सांगितलं?" पुष्कळदा त्याने ऐकलेलं खऱ्यापेक्षा भयंकर असतं. मग खरं तेवढं, त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगा. "लढाई खूप लांब आहे. आपण सगळे इथं आहोत. काही लागलंच तर काय करायचं ते बाबांना नि मला ठाऊक आहे." काहीही होणार नाही अशी शपथ मात्र घालू नका; मूल ती जपून ठेवतं.

एखादं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, अंगठा चोखू लागतं, पदर सोडत नाही, स्वयंपाकघरात भांडी आपटून बॉम्बचाच खेळ खेळत राहतं. रागावू नका. जे पोटात मावत नाही ते मूल खेळातून बाहेर काढतं. त्याच्याबरोबर बसा, खेळात जखमी माणसाला दवाखान्यात न्या, गाडी आणा, डॉक्टर बोलवा. चार-सहा आठवडे गेले तरी झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. सरकारची "टेलि-मानस" ही फुकटची सोय आहे, १४४१६ या नंबरवर. मराठीत बोलता येतं.

आणखी एक, जरा नाजूक. आपल्या गावांत हिंदू-मुसलमान मुलं एकाच बाकावर बसतात. तिकडे तणाव वाढला की इकडे मधल्या सुट्टीत चिडवाचिडवी सुरू होते. "तू पाकिस्तानी" म्हणून एखाद्या सात वर्षांच्या पोराला वेगळं पाडलं, तर त्याच्यापुरती लढाई सुलतानपुरात आली असं समजा. हे शब्द मुलं बाकावर बनवत नाहीत. ती ते आपल्या ओट्यावरून, आपल्या जेवणाच्या पाटावरून घेऊन जातात. आपल्या मुलाने असं काही म्हटल्याचं कळलं तर मास्तरांची वाट पाहू नका. त्याला घेऊन त्या घरी जा. चहा तर मिळेलच.

आणि ज्या घरचा जवान गेला, त्या घरच्या मुलांबद्दल. मी कुठल्याही एका घराविषयी बोलत नाही, सगळीकडे हेच होतं म्हणून बोलते. दिवसभर दारात गर्दी, घोषणा, कॅमेरे. पाच वर्षांच्या मुलाला उचलून गाडीवर धरतात. कुणी तोंडापुढे माइक नेऊन विचारतं, "मोठा होऊन काय होणार?" आणि पोरगं शिकवल्यासारखं सांगतं, "बदला घेणार." लोक टाळ्या वाजवतात. अहो, त्याला अजून बाप गेला म्हणजे काय हेच कळलेलं नाही! तो रात्री आईला विचारणार आहे, "बाबा कधी येणार?"

अशा वेळी शेजारणींनी कडं करावं. मुलांना मागच्या खोलीत, ओळखीच्या मावशीजवळ ठेवावं. त्यांना वेळेवर दूधभाकरी मिळते का ते पाहावं. "आता तूच घरातला कर्ता पुरुष," हे वाक्य तर कुणी उच्चारूच नये. सात वर्षांच्या खांद्यावर ते आयुष्यभर बसतं. रडू आलं तर "वीराचा मुलगा रडत नाही" म्हणू नका. वीराचा मुलगाही मुलगाच असतो. तेराव्यानंतर गर्दी ओसरते आणि खरे दिवस मग सुरू होतात. तेव्हा जा. सहा महिन्यांनी जा. तिला पेन्शनचे कागद, शाळेची फी, बँकेतल्या चकरा यांत सोबत करा. सैन्यातल्या घरांसाठी बुलडाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, राखीव पोलीस दलाची स्वतःची वेगळी व्यवस्था असते. पण अर्ज लिहायला बसलेल्या बाईचं तान्हं कुणी तरी घ्यावं लागतं, ते काम कुठलंच कार्यालय करत नाही. आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याच मुलाला लष्करी पोशाख घालून, हातात खेळातली बंदूक देऊन उभं करायचा मोह आवरा. त्याला गाण्यात घ्या, लेझमीत घ्या.

शेवटी एक छोटं काम आहे. मुलं हरवतात ती लढाईत तर हरवतातच, पण जत्रेतही हरवतात, पुरात, स्टेशनवर, एसटी स्टँडवरही. त्या पोलिश मुलांत कितीजण इतकी लहान होती की त्यांना आपलं आडनाव, जन्मदिवस धड सांगता येत नव्हता. आपल्या चार वर्षांच्या मुलाला विचारून पाहा, "तुझ्या आईचं नाव काय?" बरीच मुलं सांगतात, "आई." तेव्हा त्याला आज बसवून शिकवा. स्वतःचं पूर्ण नाव. आई-वडिलांचं नाव. एक फोन नंबर, गाण्याच्या चालीवर पाठ करून घ्या. हरवलेल्या, एकट्या मुलासाठी १०९८ हा नंबर देशभर चालतो, तो मोठ्या मुलांना सांगून ठेवा. लांबच्या प्रवासाला निघताना नाव-पत्ता लिहिलेली कापडी पट्टी झबल्याच्या आतून शिवा, बाहेरून नको, अनोळखी माणसाला नावाने हाक मारायची सोय होते.

आणि सुलतानपूरच्या बायांनो, तुम्हाला एक जास्तीची खबरदारी. मुलाने नुसतं "मी सुलतानपूरचा" सांगितलं, तर पोलीस त्याला उत्तर प्रदेशच्या गाडीत बसवतील; तिथं सुलतानपूर नावाचा अख्खा जिल्हाच आहे. म्हणून गावाच्या नावाबरोबर "तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा, महाराष्ट्र" एवढं त्याच्या तोंडात बसलं पाहिजे. आज रात्री निजवताना तीनदा म्हणून घ्या.